टेकडीवर बोलायचं नाही

आमच्या गोल्फ क्लबाचं पाचवं होल आंधळं आहे. मारणाऱ्याला काही दिसतच नाही. समोर टेकडी, टेकडीच्या पलीकडे हिरवळ, हिरवळीत तो खड्डा. आणि मारणारा उभा अलीकडे, नाकासमोर मातीचा ढीग घेऊन.

ज्यांनी क्लब काढला ती माणसं हौशी होती, पण टेकडी खणून काढण्याइतका दम कुणात नव्हता. तेव्हा क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, चार होल आणि त्यांच्यात चरणारी गावची जनावरं. बॉल शेणात गेला तर उचलायचा, पुसायचा आणि पुन्हा ठेवायचा, त्याची शिक्षा धरायची नाही, असा नियम होता. पाचवं होल करायला निघाले आणि टेकडी मध्ये आली. आठवडाभर तिच्याकडे बघत उभे राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "राहू दे की. वर एक माणूस बसवू."

पहिल्यांदा बसला तो मामाचा बाप. बाप थकल्यावर मामा बसला. तोच आमचा झेंडेमामा. खरं नाव रजिस्टरात असेल, पण पगाराच्या दिवशी ते पुकारलं तर मामा स्वतःच मागे वळून बघायचा की हा कोण.

काम सोपं. दोन झेंडे. पलीकडे हिरवळीवर माणसं असली की लाल वर धरायचा, थांबा. माणसं बाजूला झाली की पांढरा हलवायचा, मारा. बॉल डोक्यावरून सूं करत गेला की कुठं पडला तिकडे झेंडा धरायचा. एवढंच. पण एक अट होती आणि ती बापाच्या वेळेपासूनची होती: टेकडीवर बोलायचं नाही. टेकडी अशी मधोमध आहे की वर कुणी खोकलं तरी तीन बाजूंच्या लोकांना ऐकू जातं. आणि ज्याचा फटका चुकला तो कधी कबूल करतो का? तो म्हणणार, टेकडीवरचा शिंकला. म्हणून मग शिंक दाबायची, खोकला गिळायचा, आणि कितीही मोठ्या साहेबाचा बॉल डबक्यात गेला तरी हसू पोटात ठेवायचं.

आता दिवसभर माणूस असा गप बसला की त्याची जीभ आळशी होते. मामाची झाली. घरी जेवताना पाणी पाहिजे असलं तर हात असा आडवा करायचा. पुरे झालं की हात उभा. मामी वैतागायची. "अहो, मी काय टेकडीच्या पलीकडून खेळतेय का? तोंड आहे ना? ते उघडून सांगा." मामा मान हलवायचा. म्हणजे कळलं. कळलं म्हणायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं.

मामीशी त्याचं जमलं तेही बोलण्यावाचूनच. क्लबातली सगळ्यात जुनी, सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट तीच आहे.

तेव्हा हिरवळीतलं रानगवत बायका हातानं उपटायच्या. पलीकडच्या वस्तीवरच्या सात-आठ जणी ओळीनं वाकून बसायच्या. खेळणारे आले की मामा लाल धरायचा, बायका झाडाखाली सरकायच्या, मग पांढरा. त्या ओळीत एक उंच पोरगी होती. डोक्याला पिवळा रुमाल बांधायची. कंबर दुखली की उभी राहायची आणि टेकडीकडे बघायची. पहिल्यांदा मामाला वाटलं झेंडा बघते. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं की झेंडा खाली असला तरी बघते.

एका सकाळी ती उभी राहिली, आणि मामाला वाटलं आपणही काहीतरी करावं. हाक मारता येत नाही. शीळ घालता येत नाही. हातात काय, तर दोन झेंडे. आता लाल हलवून कुणी पोरीला खुणावतं का? लाल म्हणजे थांब, लांब राहा. त्यानं आपला पांढरा घेतला आणि हलवला. जरा जोरातच हलवला.

अलीकडे दातांचे डॉक्टर उभे होते. नवीन मेंबर झालेले, अंगात जोर. पांढरा दिसला, त्यांनी हाणला.

बॉल पोरीच्या नडगीवर बसला. ती मटकन खाली. बायका ओरडल्या. मामा टेकडीवरून असा पळत सुटला की अर्धी टेकडी बसूनच उतरला. मागून डॉक्टर धावत आले, तोंड पांढरंफटक. पोरीजवळ गुडघे टेकले आणि म्हणाले, "आ कर." पोरगी इतकी चकित झाली की तिनं आ केला. डॉक्टरांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाले, "दात सगळे ठीक आहेत." तेव्हा कुठं एका म्हातारीनं सांगितलं, "साहेब, पायाला लागलंय."

नडगी सुजून दुधीएवढी झाली. मामा रोज संध्याकाळी तिच्या घरी बघायला जायचा. दाराशी बसायचा, पायाकडे बघायचा, उठून जायचा. शेवटी तिच्या बापानं विचारलं, "हा पोरगा मुका आहे काय गं?" ती म्हणाली, "नाही, कामावर आहे."

त्यावर बाप हसला आणि लग्न ठरलं. असं म्हणतात. गोष्टीत थोडं मीठमसाला पडणारच.

मग पुढचं सगळं झालं, जसं कुणाचंही होतं. एक लेक झाली. मामीचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. हिरवळीचं काम यंत्रावर गेलं, ती घरीच राहायला लागली. लेक शिकली, शहरात नोकरीला लागली, तिकडेच लग्न केलं. मग तिला जुळं झालं. मामी बाळंतपणाला म्हणून गेली, दोन महिन्यांत येते म्हणून. त्या दोन महिन्यांची तीन वर्षं झाली.

भांडण नाही, तंटा नाही. लेक कामावर जाते, जावई कामावर जातो, पोरं आजीच्या गळ्यात. मामी दर रविवारी फोन करायची. मामा फोन कानाला लावून ऐकायचा आणि मान हलवायचा. मी क्लबात गवताच्या यंत्राच्या शेडमध्ये कामाला, फोन शेडमध्येच, म्हणून दर वेळी बघायचो. तिकडून मामी ओरडायची, "अहो, ऐकताय ना? का गेलात?" मामा जोरात मान हलवायचा.

मी म्हणायचो, "मामा, मान फोनमधून जात नाही रे. हं तरी म्हण."

"हं," मामा म्हणायचा.

"बरं," मामी म्हणायची, "मग मी अजून थोडे दिवस राहते इथं. चालेल ना?"

"हं."

आता हे काय उत्तर झालं? फोन ठेवला की मामा शेडच्या दारात उभा राहायचा, तिकडे बसच्या रस्त्याकडे तोंड करून. एकदा मी सरळ विचारलं, "तिला ये म्हणून का सांगत नाहीस?"

त्यानं दाराची कडी खालीवर केली. मग म्हणाला, "तिला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

त्यानं हात असा हवेत फिरवला. घर, अंगण, चूल, रिकामी खाट, सगळं त्या एका हातात आलं. मला कळलं. पण मी समोर उभा होतो. शहरात बसलेल्या बाईला तो हात कसा दिसायचा?

एकट्या माणसाचं घर कसं दिसतं ते मामाच्या घरी गेल्यावर कळायचं. दोन ताटं होती, एक वापरून वापरून पांढरं पडलेलं, दुसरं फडक्यात गुंडाळून फळीवर. महिन्यातून एकदा ते खाली काढायचा, धुवायचा, पुन्हा गुंडाळायचा. तिची चप्पल दाराशी होती तशीच. झाडताना ती उचलायचा आणि तिथंच, त्याच तिरक्या कोनात ठेवायचा.

यंदा क्लबाचा मोठा वाढदिवस आला. नवीन सेक्रेटरीबाई उत्साही. म्हणाल्या, समारंभ करू, जुन्या मेंबरांना बोलवू, प्रत्येकानं उठून आपापली आठवण सांगायची. त्या घरोघर फिरल्या आणि परत आल्या त्या कपाळाला हात लावून. मी बाहेर यंत्राला तेल घालत होतो.

"अहो, हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "ज्याला विचारावं तो झेंडेमामांचीच गोष्ट सांगतो. बँकवाले साहेब म्हणतात बॉल खांद्याला लागला. शाळेच्या बाई म्हणतात डोक्याला. आणि तिघं जण म्हणाले की फटका त्यांचाच होता!"

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले, मी दात बघितले एवढं खरं."

"मग मामाला विचारा."

"विचारलं. त्यांनी पायाकडे बोट केलं."

त्यावर बाईंना सुचलं की मामीलाच बोलवावं. फोन लावला. मामी आधी नाही म्हणाली, पोरांची बालवाडी, लेकीचं काम. मग म्हणाली, येते, पण दोन रात्रींपुरती.

मामाला हे कळलं आणि माणूस बदलला. बोलायला नाही लागला, पण हात थांबेनात. अंगणाच्या पायऱ्यांना कठडा केला, कारण मामीचे गुडघे. कठडा इतका मजबूत की त्याला बैल बांधावा. मोरीतला धुण्याचा दगड विटा लावून उंच केला, वाकायला नको म्हणून. भांड्यांची वरची फळी काढून खाली ठोकली. भिंतींना चुना दिला, दाराला रंग दिला, आणि रंग वाळायच्या आत तीनदा हात लावून बघितला. शेजारीण म्हणाली, "मामा, नवरी आणताय की काय?" मामा लाजला. त्या वयात!

मी म्हटलं, "हे सगळं केलंस ते बरं. पण तिला तोंडानं सांग, की राहा."

"बघेल ना," तो म्हणाला.

म्हणजे कठडा बघून ती समजेल. दगड बघून समजेल. त्याचा हिशेब साधा होता. झेंडा दिसला की अर्थ कळतो. त्याला वाटलं घरभर झेंडे लावलेत, आता काय बोलायचं राहिलं.

मामी आली. रुमाल आता करड्या रंगाचा, चालताना एक पाय जरा ओढत. अंगणात आली, कठड्यावर हात ठेवला, थांबली. आत गेली, फळी बघितली, मोरी बघितली. भिंतीवरून बोट फिरवून चुना बघितला. मग चहा टाकला. मामा दाराशी तिच्या तोंडाकडे बघत उभा. ती म्हणाली, "साखर कुठं ठेवलीय?" मामानं बोट दाखवलं. मामीनं एक लांब श्वास सोडला आणि साखर काढली.

दुसऱ्या दिवशी समारंभ. हॉल भरलेला. शाळेच्या बाईंनी त्या धुक्याच्या दिवसाची आठवण सांगितली, सगळे जण उलट्या दिशेनं खेळत गेले आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तेव्हाची. बँकवाल्या साहेबांनी बॉल पळवणाऱ्या कुत्रीची सांगितली. ती मेली तेव्हा कुंपणाजवळ खणलं तर गोणीभर बॉल निघाले होते. जुने पुष्कळ चेहरे हॉलमध्ये नव्हते. ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या त्यांची नावं घेताना लोक त्या खुर्चीकडेच बघत होते.

मग डॉक्टर उठले, काठी टेकत. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं झाली, पण मी माफी मागितली नव्हती. घाईत राहिली."

मामी उठली. "तुमची चूक नव्हती, डॉक्टर," ती म्हणाली. "यांचीही नव्हती, सगळे यांना हसतात ते. पांढरा झेंडा हलला तो मी बघितला होता. पांढरा म्हणजे बॉल येणार, हे हिरवळीवरच्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. मी बाजूला व्हायला पाहिजे होतं."

"मग झाला का नाहीत?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"म्हटलं, पुन्हा हलवतो का बघू."

हॉलमध्ये असा हशा उठला की खिडक्या वाजल्या. डॉक्टर तर डोळे पुसायला लागले. मामा खाली मान घालून बसला होता, कान लालबुंद. इतकी वर्षं तो त्या चुकीचं ओझं घेऊन फिरला आणि त्याला हे ठाऊक नव्हतं. तिनं कधी सांगितलं नव्हतं. गप बसण्यात तीही काही कमी नव्हती.

"आता मामा बोलतील!" कुणीतरी ओरडलं. "मामा! मामा!" लोक टाळ्या वाजवायला लागले. सेक्रेटरीबाईंनी माईक त्याच्या हातात दिला. मामा उभा राहिला. मामीनं त्याच्याकडे बघितलं. मी तिचं तोंड बघत होतो. तीन वर्षं ज्या एका शब्दासाठी ती फोन लावत होती, तो आता सगळ्या गावासमोर येईल असं तिला वाटलं असावं. ती जरा पुढे सरकून बसली.

मामानं माईक तोंडाजवळ नेला. श्वास ऐकू आला. मग त्यानं मोकळा हात थोडासा वर केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला, आणि तो खाली बसला.

लोक पुन्हा हसले, मायेनंच हसले. मामी मागे टेकून बसली आणि मांडीवरचा रुमाल नीट घडी करायला लागली. घडी झाली तरी करत राहिली.

सकाळच्या बसला तिला सोडायला आम्ही दोघं गेलो. एक पिशवी मामाकडे, एक माझ्याकडे. थांब्यावर चार माणसं. बस आली, दार उघडलं, माणसं चढली. मामीनं पिशवीला हात घातला. मामानं पिशवी सोडली नाही.

"अहो, द्या की."

"राहा," मामा म्हणाला.

आवाज असा आला जणू गंजलेलं कुलूप उघडलं. मामी त्याच्याकडे बघत राहिली.

"काय म्हणालात?"

"राहा. घरी. माझ्यासंगट."

कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "बाई, चढताय का राहताय? एक काय ते सांगा, मागं गाडी आहे."

"जरा थांब बाबा," मामी म्हणाली. "यांना इतकी वर्षं लागली, तुला एक मिनिट निघत नाही?"

कंडक्टरनं डोकं आत घेतलं. बसमधली माणसं खिडक्यांना लागली.

"हे तीन वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर," मामी मामाला म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मी रोज वाट बघत होते. रविवारी फोन ठेवला की जिन्यात जाऊन बसायची. लेक म्हणायची, आई काय झालं? आता कसं राहू? पोरं माझ्याशिवाय झोपत नाहीत. पोरीनं नोकरीत मोठी जागा घेतलीय ती माझ्या भरवशावर. आता सगळं मोडून येऊ?"

मामानं पिशवीचा बंद आणखी घट्ट धरला.

"मग तुम्ही चला," ती म्हणाली. "आता बोललाच आहात तर हेही बोला. चलता?"

मी मामाकडे बघितलं. या वेळचं त्याचं गप बसणं नेहमीचं नव्हतं, हे मला दिसलं. हा माणूस खरंच शोधत होता, आत कुठंतरी, आणि त्याला सापडत नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि मग नजर आपोआप तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, क्लबाकडे.

"पाचव्यावर कोण?" तो म्हणाला.

मामी हसली. खरंच हसली. "बघा," ती म्हणाली. "झालं."

तिनं पिशवी घेतली आणि चढली. दुसरी मी आत सरकवली. ती खिडकीशी बसली आणि काच खाली केली. मामा खिडकीखाली गेला. उभा राहिला, एक हात बसच्या पत्र्यावर.

"सगळं चांगलं केलंय घरात," मामी म्हणाली. "बघितलं मी. न सांगता कळत नाही मला, असं नाही. पण ऐकायचं असतं माणसाला."

"हं," मामा म्हणाला. मग जरा थांबून, "बरं."

बस घरघरली.

"आणि ऐका," ती म्हणाली, "आतल्या खोलीची खिडकी फुगलीय. नीट लागत नाही. रंधा मारून घ्या. थंडीत वारा थेट माझ्या उशाशी येतो."

बस गेली. मामा तिथंच उभा. धूळ खाली बसली तरी उभा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझ्या म्हणाली."

"हो. ऐकलं मी."

"माझ्या उशाशी."

"हो रे मामा."

आम्ही चालायला लागलो. क्लबाच्या फाटकाशी आलो. पाचव्यावर माणसं खोळंबली होती, कुणी टेकडीकडे हात करून ओरडत होतं. तो वर चढला आणि लाल झेंडा धरला, कारण पलीकडे दोघं अजून हिरवळीवर होते.

संध्याकाळी तो सुताराकडे रंधा मागायला गेला. सुतार म्हणाला, "माणूस पाठवतो की." मामा म्हणाला, "नको. मी करतो." सुतारानं नंतर मला विचारलं, मामाला काय झालंय, सरळ वाक्य बोलला.

खिडकी आता एका बोटानं लागते. मी स्वतः लावून बघितली. रविवारी फोन येतो, मामा अजूनही बहुतेक वेळ ऐकतोच, पण फोन ठेवायच्या आधी एकदा म्हणतो, "ये." कधी तिकडून मामी म्हणते, "तुम्हीच या." मग दोघंही गप राहतात, आणि मी यंत्राचा आवाज बंद करतो.

थंडीला अजून अवकाश आहे.